मदत हवी आहे: ऑक्सिजन नसताना बेन्झीन हलतच नाही

मंडळी, डिझेल मुरलेला गाळ नायट्रोजनखाली सीलबंद बाटल्यांत लावलाय, सोबत सल्फेट, म्हणजे जिवाणूंना ऑक्सिजनऐवजी ते वापरता येईल. गाळ काळाकुट्ट झालाय, सुई टोचली की कुजक्या अंड्यांचा वास येतो. म्हणजे सल्फेटवाले जिवाणू कामाला लागलेत. डिझेलमधलं टोल्युइन (मिथाइल गट लागलेलं बेन्झीन) भराभर उतरतंय, तुलनेसाठीच्या निर्जंतुक बाटलीत मात्र जैसे थे. ते समजतं: जिवाणूंचं बेन्झिलसक्सिनेट सिंथेस हे एन्झाइम त्याच्या मिथाइल गटाला फ्युमरेट हा छोटा रेणू जोडतं, पुढे बेन्झॉइल-कोए हा मधला रेणू बनून कार्बनचं कडं फुटतं. बेन्झीनला तो मिथाइल गटच नाही!

टोल्युइन पूर्ण संपेपर्यंत थांबू, की फक्त बेन्झीन देऊन नव्या बाटल्या लावू? आणि बेन्झीन तुटत असल्याचा पुरावा म्हणून त्यातून मधे बनणारं बेन्झोएट शोधू की फिनॉल? नमुन्याला हवा लागली तर फिनॉल जिवाणूंशिवायही बनतं, म्हणून त्यावर माझा फारसा भरवसा नाही. कुणी हे केलंय का?