अनुभव धागा : ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला शिपाई पूर्वज तुम्ही कसा शोधलात?

सुरुवात मीच करते. मी पर्थला असते, माहेर साताऱ्याचं. सासूबाईंचे खापरपणजोबा 'पेन्शनर गार्ड' होते, एवढंच घरात ठाऊक होतं. १८५० ते १८६८ या काळात ब्रिटनहून पश्चिम ऑस्ट्रेलियात कैद्यांची जहाजं येत. त्यांच्यावर पहारा द्यायला सरकार पेन्शनीत गेलेले शिपाई घेई. बायकापोरांसकट प्रवास व्हायचा आणि इथे आल्यावर जमिनीचा तुकडा मिळण्याची आशा असायची. 'सिंडियन' हे पहिलं जहाज जून १८५० मध्ये फ्रीमँटलला लागलं. पर्थमधल्या त्यांच्या बराकीची आता नुसती कमान उभी आहे, बाकीची इमारत १९६६ साली पाडली. तिच्याखालून जाताना मला अजून हळहळ वाटते.

सासूबाईंना हवं होतं ते आयर्लंडमधलं गाव. पण १९२२ साली डब्लिनचं अभिलेखागार जळालं आणि त्यात एकोणिसाव्या शतकातली बरीचशी शिरगणती आणि पुष्कळ चर्चची दप्तरं गेली. आम्हाला तारलं ते लंडनमधल्या कागदांनी. पेन्शन मिळालेल्या शिपायांची सेवापत्रकं क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यू ओ ९७' या मालिकेत आहेत. आमच्या शिपायाचा कागद असा: जन्माचा पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग), धंदा विणकर, डोळे करडे, डाव्या पोटरीत गोळीची जखम, आणि सहीच्या जागी फुली. नोकरीच्या ठिकाणांत 'ईस्ट इंडीज'.

मग हिंदुस्थानातल्या नोंदी धुंडाळल्या. तिथले पाद्री बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याची मालिका 'एन ३'. तिच्यात सासूबाईंच्या खापरपणजोबांची थोरली लेक सापडली, बाप्तिस्मा पुण्याच्या कॅम्पातला! सासूबाईंना सगळं मीच वाचून दाखवलं. पुढच्या वेळी माहेरी जाईन तेव्हा त्यांना सेंट मेरी चर्चला नेणार आहे. ते १८२५ सालचं आहे, म्हणजे त्या बाळाच्या वेळी उभं होतं.

नवख्यांना माझं एकच सांगणं: नावामागे धावू नका, आधी पलटण पक्की करा. एकाच नावाचे ढीगभर शिपाई निघतात. आता तुम्ही लिहा.

*मेलबर्नहून :*
अगदी खरं. माझ्या बायकोचा पूर्वज ४० व्या पलटणीत होता. पलटण कळल्यावर त्याचं निम्मं आयुष्य आपोआप उलगडलं. ही पलटण १८२४ च्या सुमारास सिडनीला आली, १८२९ मध्ये मुंबईला गेली, १८३९ मध्ये कराची घेताना होती, मग अफगाण युद्धात. १८४५ मध्ये मायदेशी परतली आणि १८५२ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियात, या खेपेस मेलबर्नला. ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटच्या युरेका स्टॉकेडवर, म्हणजे बंड केलेल्या सोनं खणणाऱ्यांच्या तटबंदीवर, जो हल्ला झाला, त्यात १२ वी आणि ४० वी पलटण होती. आमचा शिपाई तोवर पलटण सोडून सोनं खणायला पळाला होता. हे पोलीस गॅझेटमधल्या फरारींच्या यादीमुळे कळलं. त्यात उंची, केस, जन्मगाव सगळं दिलेलं असतं. सासरी काहींना हे आवडलं नाही. मला मात्र तो माणूस पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभा राहिला.

व्हिक्टोरियातला मृत्यूचा दाखला जरूर काढा. आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, लग्न कुठे झालं, मुलं किती, वसाहतीत किती वर्षं काढली, बरंच काही त्यात असतं.

*खडकीहून :*
ऑस्ट्रेलियातून लोक थडगी शोधत आमच्याकडे येतात. येताना खूप आस घेऊन येतात म्हणून आधीच सांगतो, साध्या शिपायाच्या थडग्यावर बहुधा दगड नसायचाच. दगड अंमलदारांचे. दफनांची नोंदवही आधी बघा, मग तिकीट काढा. ऑल सेंट्स चर्च मात्र बघण्यासारखं आहे.

*लंडनहून :*
थोडी भर. १८८३ पूर्वीच्या 'डब्ल्यू ओ ९७' मध्ये फक्त पेन्शनवाले सापडतात. नोकरीत मेलेला, पळालेला किंवा पैसे भरून सुटका घेतलेला शिपाई तिथे नाही. त्याच्यासाठी 'डब्ल्यू ओ १२' ही हजेरीपटांची मालिका. तिमाहीमागून तिमाही चाळावी लागते, पण तो कुठून कुठे गेला ते कळतं. ऑस्ट्रेलियाशी संबंधित पुष्कळ कागद तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर फुकट बघता येतात.

*इगतपुरीहून :*
आम्ही अँग्लो-इंडियन, रेल्वेतले. घरात इंग्रजी, दाराबाहेर मराठी. आमचा मूळपुरुष कंपनीच्या मुंबई तोफखान्यात होता, राणीच्या फौजेत नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, कारण कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे कागद क्यूला नसून ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८५८ नंतर कंपनीची फौज राणीकडे गेली, तेव्हा नव्याने भरतीचा मोबदला मिळेना म्हणून हजारो गोऱ्यांनी नाव कमी करून घेतलं. आमचाही त्यातला. तो थोरल्या मुलाला घेऊन क्वीन्सलँडला गेला, धाकटा इथे राहून रेल्वेत लागला. आम्ही त्या धाकट्याचे.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, तुकडी सगळं आहे. आईच्या रकान्यात फक्त 'मेरी', आडनाव नाही. ती इथलीच असणार, असं आजी सांगायची. क्वीन्सलँडच्या मृत्यूच्या दाखल्यावरही आईवडिलांची नावं लिहितात, म्हणून आता थोरल्याचा दाखला मागवतोय. तिथे तिचं पुरं नाव असेल तर इथे लिहीन. क्वीन्सलँडमध्ये कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.