टोटल लॉस ठरलेली १९६२ सालची फियाट पुन्हा कायदेशीररीत्या रस्त्यावर आणता येईल का?

पर्वतीपायथा (प्रश्न)

नमस्कार. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात सहकारनगर भागातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली १९६२ सालची फियाट ११००, म्हणजे जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती, टपापर्यंत पाण्यात बुडाली. मालकांनी विम्याचा दावा केला, कंपनीने गाडी टोटल लॉस ठरवून रक्कम दिली आणि सांगाडा लिलावात काढला. तो जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने घेतला आणि त्याच्याकडून गेल्या वर्षी मी घेतला.

माझ्याकडे पुढील कागद आहेत: पहिल्या मालकांच्या नावाचे मूळ आरसी बुक, ज्याची मुदत २०२१ मध्ये संपली, विमा कंपनीने व्यापाऱ्याला दिलेले विक्रीपत्र, व्यापाऱ्याने मला दिलेली पावती, आणि मालकांनी सह्या करून ठेवलेले, पण बाकी सर्व रकाने कोरे असलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे). मालक दरम्यानच्या काळात वारले. त्यांची मुलगी कोथरूडला राहते, ती एकुलती एक वारस आहे आणि सहकार्य करायला तयार आहे.

एम-परिवहन या सरकारी ॲपवर या नंबरची काहीच माहिती दिसत नाही. एका एजंटाने ‘कागद माझ्याकडे द्या, होऊन जाईल’ असे सांगितले, पण काय होणार आणि कसे होणार हे तो सांगत नाही. अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाच्या म्हणण्याप्रमाणे तिकडच्या अनेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर ‘साल्वेज’ असा शिक्का असतो आणि दुरुस्तीनंतर तपासणी झाली की ‘रिबिल्ट’ असे नवे मालकीपत्र मिळते. आपल्याकडे अशी काही सोय आहे का? शिवाय मूळ इंजिन जाम झाले आहे आणि प्रीमियर पद्मिनी या नंतरच्या फियाटचे चांगले इंजिन मिळते आहे. ते बसवावे का, की त्याने नोंदणीत अडचण येईल?

निवृत्त सर्व्हेअर

पर्वतीपायथा, विमा दाव्यांची पाहणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून त्या बाजूने लिहितो. आपल्या मोटार वाहन कायद्यात ‘साल्वेज’ असा नोंदणीचा वेगळा प्रकारच नाही. टोटल लॉस हा विमा कंपनी आणि विमाधारक यांच्यातला हिशेब असतो: दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा मूल्याच्या पाऊणपटीच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीऐवजी पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते. डुक्कर फियाटसारख्या गाडीचे विमा मूल्य आपसांत ठरवलेले आणि बहुधा तुटपुंजे असते, त्यामुळे पुराच्या पाण्याने आतले अस्तर, वायरिंग आणि इंजिन गेले की पत्रा धड असला तरी ती गाडी टोटल लॉसमध्ये जाते. याचा अर्थ ती कायमची निकामी झाली असा होत नाही.

आरटीओच्या दप्तरात काय घडले हा प्रश्न मात्र यापेक्षा निराळा आहे, आणि तुमचे सगळे काम त्याच्या उत्तरावर अडलेले आहे. कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरायोग्य राहिली नाही, तर मालकाने १४ दिवसांत तसे नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते आणि मग नोंदणी रद्द होते. काही दाव्यांत कंपनी पैसे देण्यापूर्वी आरसी रद्द करून आणायला सांगते, काहींत सह्या केलेले फॉर्म आणि आरसी ताब्यात घेऊन सांगाडा ‘जसा आहे तसा’ विकते. तुमच्या हातात मूळ आरसी बुक आहे, त्यावरून दुसरा प्रकार झाला असावा असे वाटते, पण अंदाजावर पत्रा ठोकायला घेऊ नका. ॲपवर माहिती दिसत नाही याचा अर्थ नोंदणी रद्द झाली असा नाही. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक गाड्या जुन्या रजिस्टरांतून ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. त्यांची आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते.

आरटीओवाले अशा गाडीकडे संशयाने का पाहतात तेही लक्षात घ्या. टोटल लॉसचे सांगाडे पुष्कळदा पत्र्यासाठी विकले जात नाहीत, कागदांसाठी विकले जातात. चोरीच्या गाडीवर सांगाड्याचा चेसिस नंबर चढवला की चोरीची गाडी कागदोपत्री साळसूद होते. पावत्यांची साखळी अखंड ठेवा आणि विमा कंपनीकडून दावा मंजुरीचे पत्र आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मिळते का ते पाहा. रिपोर्टमध्ये गाडीचे फोटो आणि चेसिस नंबर असतो.

शिवाजीनगर कोर्ट

सर्व्हेअर साहेबांनी दप्तराचा मुद्दा मांडला, त्याला पुढे नेतो.

पहिले काम म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओत मूळ आरसी बुकाच्या प्रतीसह लेखी अर्ज करून गाडीच्या नोंदीचा उतारा मागणे. उत्तर तोंडी न घेता लेखीच घ्या. नोंद कायम असून फक्त मुदत संपलेली असेल, तर मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे. नोंदणी निलंबित झालेली असेल, तर निलंबनाचे कारण दूर करावे लागेल, पण ते निलंबन सलग सहा महिने चालू राहिले असल्यास कलम ५४ खाली नोंदणी रद्दही झालेली असू शकते. कलम ५५ खाली ती नष्ट झालेली म्हणून रद्द झाली असेल, तर तीच नोंदणी जिवंत करण्याचा सोपा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. रद्द करण्याचा आदेशच चुकीचा असल्यास कलम ५७ खाली अपील आहे, परंतु आदेशाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत त्याला आहे. आणि गाडी एखाद्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा होऊन तसे प्रमाणपत्र निघाले असेल, तर पुढचा खर्च थांबवा. ती गाडी हौसेने अंगणात ठेवता येईल, रस्त्यावर नेता येणार नाही.

दुसरा मुद्दा त्या कोऱ्या फॉर्मांचा. मालक हयात नाहीत. त्यांच्या सह्यांवर आता मागची तारीख घालून फॉर्म २९ आणि ३० दाखल करणे म्हणजे खोटा दस्त तयार करणे होय, आणि एजंटाचे ‘होऊन जाईल’ बहुतेक वेळा याच वाटेने होते. वारस मुलगी तयार आहे हे तुमचे नशीब समजा. कलम ५० प्रमाणे मृत्यूनंतरचे हस्तांतर फॉर्म ३१ ने वारसाच्या नावे होते. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडून गाडी प्रथम त्यांच्या नावे करून घ्यावी आणि नंतर त्यांनी रीतसर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून तुम्हाला द्यावी. गाडी विमा कंपनीमार्फत विकली गेली होती, माझा आता तिच्यावर हक्क नाही, अशा आशयाचे त्यांचे प्रतिज्ञापत्रही सोबत ठेवावे, कारण व्यापाऱ्याची पावती आणि आरसीवरचे नाव यांच्यात जी फट आहे ती त्यानेच भरून निघेल.

गाडी चोरीची नोंदलेली नाही हे दाखवण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत चेसिस आणि इंजिन नंबर तपासून त्याची प्रत फाइलला लावा. अधिकाऱ्याने मागण्याची वाट पाहू नका.

नाना पेठ गॅरेज

मी जुन्या फियाट दुरुस्त करतो, कायद्याचे वरील दोघांना अधिक कळते. पण टिंकरच्या हातोड्याखाली नोंदणी कशी गमावली जाते ते मी पाहिलेले आहे.

तुमच्या गाडीचा चेसिस नंबर बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर पंच केलेला असेल. पुराचा गाळ तिथल्या कोपऱ्यात साचतो आणि पत्रा आतून फुगतो. त्या जागी वायर ब्रश किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका. गंज खरवडताना ३ चा ८ दिसू लागतो किंवा ८ ची अर्धी रेघ उडते, आणि मग तपासणीच्या वेळी नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर त्यावर ठेवावी, सकाळी सुती कापडाने पुसावे, कोरडे झाल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलक्या हाताने घासावे. पेन्सिल प्रिंट आली की तिचा आणि पत्र्याचा फोटो तारखेसह ठेवावा. एखादा आकडा खरोखरच वाचता येत नसेल, तर आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा पंच करू नये. आणि तो पत्रा कापून नवा बसवू असे कोणी सुचवले, तर ते काम त्याला देऊ नये.

इंजिनाबद्दल. पद्मिनीचे इंजिनही १०८९ सीसीचेच असल्यामुळे ते चपखल बसते आणि डुक्कर फियाटमध्ये लोक सर्रास बसवतात. पण आरसीवर जुना इंजिन नंबर आहे. कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास आरटीओची मान्यता घेऊन तो बदल आरसीत नोंदवून घ्यावा लागतो, आणि ज्याच्या गाडीतून ते इंजिन काढले त्याची पावती नसेल तर ती मान्यता अवघड होते. माझा सल्ला असा की मूळ इंजिन आधी उघडून पाहा. पाण्याने जाम झालेली इंजिने सिलिंडरमध्ये डिझेल भरून काही दिवस मुरवली की पुष्कळदा सुटतात. ब्लॉक फुटलेला नसेल तर बोअरिंग करून तोच वापरावा.

पर्वतीपायथा

सर्वांचा आभारी आहे. एजंटाला नकार कळवला आहे आणि उताऱ्यासाठी अर्ज देतो आहे. एक शंका उरते. नोंद कायम निघाली, तर नेहमीचे नूतनीकरण करावे की विंटेज म्हणून नोंदवावी? विंटेजमध्ये कटकट कमी असे ऐकले आहे.

शिवाजीनगर कोर्ट

कटकट कमी नाही, वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए ते ८१-जी हे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, पुढच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर कायम राहतो, ही हौशी माणसाच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. म्हणजे रविवारी सकाळी सहज कॅम्पात चक्कर मारायची असेल, तर विंटेज नोंदणी तुमच्या कामाची नाही.

नेहमीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर, चालू विमा आणि पीयूसी लागते, आणि ते पाच वर्षांपुरतेच असते. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, आणि उशिरासाठी दरमहा ५०० रुपये वेगळे. तुमची मुदत २०२१ पासून संपलेली असल्याने हा दुसरा आकडा आधीच मांडून ठेवा.

नाना पेठ गॅरेज

यात भर घालतो. विंटेजसाठी ‘मूळ रूप’ पाहिले जाते, म्हणून पद्मिनीचे इंजिन बसवण्याआधी हा निर्णय झाला पाहिजे. ते एकदा बसवले आणि उद्या विंटेजचा विचार आला, तर मूळ इंजिन पुन्हा शोधत बसावे लागेल. तोपर्यंत ते मोडीत देऊ नका, तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवा.

निवृत्त सर्व्हेअर

आणि तपासणीला नेताना गाडी चालवत नेऊ नका, टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजारांचा दंड आहे, तो एक वेळ परवडेल. पण विमा चालू नसताना वाटेत कोणाला धक्का लागला, तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून जाईल. थर्ड पार्टी विम्यासाठी कंपन्या आरसीची वैधता विचारतात आणि आरटीओ विमा विचारते. या फेऱ्यात अडकलात तर कंपनीला उताऱ्याची प्रत आणि नूतनीकरणाच्या अर्जाची पावती दाखवा.