बार्बिरोलींची पीछेहाट? मुळीच नाही
न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद सोडून १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला येणं ही वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) जॉन बार्बिरोलींची पीछेहाट होती, असं एक मत आहे; ते मला अजिबात पटलं नाही. तिथल्या ज्या हॅले ऑर्केस्ट्राची सूत्रं त्यांनी घेतली, त्यात तेव्हा जेमतेम तीसेक वादक उरलेले, हक्काचा हॉल बॉम्बहल्ल्यात गेलेला. भर युद्धात एकेक वादक पारखून त्यांनी महिन्याभरात वाद्यवृंद उभा केला. याला पीछेहाट कसं म्हणायचं?

आणि एक गोष्ट त्या मतात लक्षातच घेतलेली नाही. इंग्लिश संगीतकार एल्गारच्या चेलो कन्चर्टोचं (एकल चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचं) लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं १९१९ मध्ये केलेलं पहिलं सादरीकरण अपुऱ्या तालमीमुळे फसलं, तेव्हा त्या वाद्यवृंदातल्या चेलोवादकांच्या रांगेत एकोणीस वर्षांचे बार्बिरोली होते! १९६५ मध्ये चेलोवादक जॅकलिन द्यू प्रेसोबत त्यांनी तेच ध्वनिमुद्रित केलं, त्याच लंडन सिंफनीबरोबर. सुरुवातीला व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या सुरातली वाद्यं) एकट्याच ती लांब धून उचलतात ना, ती जागा जरूर ऐका. किती मायेनं घेतलीय.