'रिचार्ज'ला आपला शब्द : विसावा, उसंत की आराम?

परभणीकर : संध्याकाळी सातला ऑफिसातून आलो की पलंगावर पडून मोबाइल चाळतो. नऊला उठतो तेव्हा डोकं आधीपेक्षा जड. मुलगी म्हणते, बाबा रिचार्ज होतायत. याला मराठीत काय म्हणायचं? 'आराम' म्हणावं तर नुसतं पडून राहण्यालाही आरामच म्हणतात.

लातूरची लेक : आधी तुम्ही दमलात की शिणलात ते ठरवा! पोतं उचललं की दम लागतो; पाच मिनिटं दम खाल्ला की माणूस पुन्हा उभा. खुर्चीत बसून होतो तो शीण. आजी 'जीव शिणला' म्हणायची, तेव्हा तिला झोप नको असायची, ढाळजेत येऊन कुणीतरी बोलायला हवं असायचं. दम खाता येतो, शीण मात्र घालवावा लागतो. क्रियापदच वेगळं आहे.

नांदेडहून : मग वामकुक्षी?

लातूरची लेक : ती दुपारची, जेवणानंतर डाव्या कुशीवर. वाम म्हणजे डावा. संध्याकाळी सातला कसली वामकुक्षी?

बीडकर : माझं मत 'विसावा'. विश्रामवरून आलेला, आमच्या गावात 'इसावा' म्हणतात. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तिचे वाटेतले विसावे वेगळे नि मुक्काम वेगळे. मुक्काम रात्रीचा. विसाव्याला पालखी टेकते, लोक पाणी पितात, पाय चोळतात, पण बिछाना उलगडत नाहीत, कारण पुढं चालायचं असतं. तुमचे ते दोन तास विसावाही नाहीत नि मुक्कामही नाही.

नांदेडहून : घराला 'विसावा' नाव द्यायचं ठरवलं होतं. सासरे म्हणाले, अंत्ययात्रेत ताटी वाटेत खाली ठेवतात त्यालाही विसावाच म्हणतात. पाटी तशीच गुंडाळून ठेवली. (रंगाऱ्याचे पैसे गेले ते गेलेच.)

बीडकर : सासरे बरोबर आहेत, पण अर्थ दोन्हीकडं एकच : खांद्यावरचं खाली ठेवणं. पाटी लावून टाका.

परभणीकर : आणि उसंत?

लातूरची लेक : उसंत म्हणजे मोकळा वेळ. तो मिळतो किंवा मिळत नाही, त्यात आपलं काही चालत नाही. शिळोपा जवळचा आहे, पण हल्ली 'शिळोप्याच्या गप्पा' एवढ्यापुरताच उरलाय.

हिंगोलीचा शेतकरी : तुम्ही सगळे माणसाचे शब्द धुंडाळायलात. बैलाकडं बघा की. औत सुटलं की आधी जू उतरायचं, मग पाणी दाखवायचं, मग वैरण. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर खांदेमळणी, तूप-हळद लावून खांदा चोळायचा, कारण ओझं तिथंच बसलेलं असतं. माणूसबी हातपाय धुतल्याबिगर बाजेवर बसत नव्हता. आमचा शब्द 'औत सुटणं'. पलंगावर पडून ऑफिसचा ग्रुप वाचायलाव, म्हंजे जू मानेवरच हाय. औत कुठं सुटलं?

बीडकर : हे पटलं. विसावा मागे घेतो.

नांदेडहून : मी नाही घेत, पाटी शोधतोय.

परभणीकर : काल फोन फडताळात ठेवला, हातपाय धुतले, गॅलरीत बसलो. बायकोनं विचारलं, "दमलात का?" म्हटलं, "औत सुटलं." ती आतूनच म्हणाली, "मग वैरण आत्ता टाकू, की पाणी पिऊन झाल्यावर?"