लास उएल्गासच्या मठाध्यक्षेची सत्ता तिची होती की राजाची?

सायली_वाचते:
स्पेनमधल्या बुर्गोसजवळचा लास उएल्गास हा सिस्टर्शियन (साधेपणावर भर देणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथातल्या) नन्सचा मठ कॅस्टिलचा राजा आठवा अल्फोन्सो आणि राणी लिओनोर यांनी ११८७ मध्ये स्थापन केला. इथली मठाध्यक्षा पन्नासहून अधिक गावांची धनीण. शेतसारा तिचा, न्यायनिवाडा तिचा. तिच्या हद्दीत बिशपचा हुकूम चालत नसे. कुठल्या पाद्र्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायची, त्याचा परवानाही तीच देई. १८७३ मध्ये पोप नववा पायस याने हे अधिकार काढून घेतले. एवढी शतकं टिकलेल्या सत्तेला बाईची सत्ता म्हणायला आपण का कचरतो?

माळावरचा:
ताई, जमीन राजाची, सनद राजाची. मठात लेकी राजाच्या आणि सरदारांच्या, कबरीही त्याच घराण्याच्या. तिसऱ्या फर्नांदोची मुलगी बेरेंगेला इथे नन होती आणि मठाची 'सेन्योरा', म्हणजे मालकीणही. म्हणजे राजघराण्याचा हात मठाच्या आतपर्यंत. जमिनीवर राबणाऱ्या कुळांना सारा बाई वसूल करते की बुवा, याने काय फरक पडला?

सायली_वाचते:
कुळांचं म्हणता ते खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण इनाम दुसऱ्याने दिलं म्हणून कारभारही त्याचाच ठरत नाही. १२१० मध्ये पोप तिसरा इनोसंट याने लिहिलेलं पत्र बघा. बुर्गोस आणि पालेन्सिया भागातल्या मठाध्यक्षा नन्सना आशीर्वाद देतात, त्यांचं पापनिवेदन ऐकतात, शुभवर्तमान वाचून प्रवचन करतात, हे बंद करा म्हणतो. कारण काय, तर येशूची आई मरिया सगळ्या प्रेषितांहून थोर असली तरी स्वर्गराज्याच्या किल्ल्या, म्हणजे चर्चमधला अधिकार, प्रभूने तिला दिल्या नाहीत! नामधारी बाईसाठी पोप एवढा अस्वस्थ होईल?

माळावरचा:
पत्रात लास उएल्गासचं नाव नाही. भाग तोच आहे, एवढंच म्हणता येईल.

वीणा_गाते:
दोघेही गाणं विसरलात. १३०० च्या सुमारास या मठासाठी लिहिलेली संगीताची पोथी आजही तिथेच आहे, १८० हून अधिक रचनांची. सिस्टर्शियन पंथाला साधं एकसुरी गायन हवं होतं आणि इथे दोन-तीन आवाजांच्या रचना! त्यात दोन आवाजांचा एक सरावाचा पाठ आहे, उत-रे-मी (आपल्या सा-रे-ग सारखी स्वरांची नावं) घोकायचा, आणि त्याचे शब्द कुमारिकांना उद्देशून आहेत. या रचना मठातले पाद्री गात असं काही अभ्यासक म्हणतात. मग तो पाठ कोणासाठी लिहिला? मी रोज मुलींकडून पलटे घोटून घेते, मला तरी उत्तर स्पष्ट दिसतं.

माळावरचा:
पाठाचा मुद्दा मान्य. सत्तेचा नाही. अल्फोन्सोला कॅस्टिल-लिऑनमधले नन्सचे सगळे मठ लास उएल्गासच्या हाताखाली हवे होते. त्यासाठी ११८९ मध्ये भरलेल्या मठाध्यक्षांच्या पहिल्या सभेला सात जणी आल्या. राजाने बोलावलं आणि आल्या.

सायली_वाचते:
लगेच मान तुकवली नाही हो! त्यांच्यातल्या काही जणी नवार्रमधल्या तुलेब्रासच्या मठाला आपली आई, म्हणजे आपला मूळ मठ, मानत होत्या, म्हणून त्या आधी अडून बसल्या. राजासमोर अडून बसलेल्या या बायकांना तुमच्या हिशेबात कुठे बसवायचं, ते सांगा.