ब्रह्मपुत्रेचा काठ किती सरकला, हे उपग्रहचित्रांवरून कसं मोजायचं?

नकाशावाली
आसाममधल्या माजुली या ब्रह्मपुत्रेतल्या बेटाच्या दक्षिण काठाची 1990 ते 2020 मधली धूप मोजायची आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रं आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताशी आहे. पाण्याची कड आखली, तर काही ठिकाणी काठ किलोमीटरभर आत गेलेला दिसतो आणि दोन वर्षांनी तिथेच जमीन परत आलेली दिसते. नदी खरंच एवढी हलते का? दुसरं म्हणजे, काठ ऐन पुरापेक्षा पाणी ओसरताना जास्त ढासळतो असं वाचलं. ते का?

गाळमाप
नदी हलते, पण तुमच्या आकड्यांत निम्मा घोळ पाणीपातळीचा असणार. ब्रेडेड (अनेक धारांत विभागलेल्या) पात्रात वाळूपट्टे इतके सपाट असतात की पातळी मीटरभर उतरली तरी पाण्याची कड शेकडो मीटर सरकते. म्हणून काठाची रेषा पाण्यावरून आखू नका. कायमची झाडी, शेती, वस्ती जिथे संपते आणि उभी दरड लागते, तो काठ. वाळूपट्ट्यावर एखाद्या हंगामाचं गवत उगवलं असेल तरी तो पात्रातच धरा.

चित्रं जानेवारी-फेब्रुवारीतली घ्या. आकाश स्वच्छ असतं आणि नदी सर्वांत खाली असते. मार्च-एप्रिलपासून वळवाच्या पावसाने ती चढू लागते. माजुलीसमोरच्या निमातीघाटची पाणीपातळी मिळाली तर दोन्ही तारखांना ती जवळपास सारखी आहे का, ते पाहा.

पाणी वेगळं काढायला एमएनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा निर्देशांक वापरा: (हिरवा − शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड) भागिले (हिरवा + शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड). लँडसॅट 5 ला बँड 2 आणि 5, लँडसॅट 8 ला 3 आणि 6. उंबरठा (ज्या किमतीच्या वर पाणी धरायचं ती) शून्यापासून सुरू करून हिस्टोग्राम (पिक्सेलच्या किमतींचा आलेख) बघत हलवा. ओली वाळू बऱ्याचदा पाण्यात मोजली जाते, त्यामुळे हा थर फक्त आधाराला. काठ हातानेच आखायचा, सगळ्या वर्षांसाठी एकाच झूमवर. नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम 46 उत्तर (मीटरमध्ये मोजता येणारं) ठेवा.

मग दर 500 मीटरवर छेद (काठाला आडव्या मोजरेषा) टाका, पण ते एका स्थिर आधाररेषेला काटकोनात हवेत. नदीच्या मध्यरेषेवरून टाकले की मध्यरेषाच दर वर्षी बदलते आणि आकडे निरर्थक होतात.

चूक किती, तेही लिहा. दोन चित्रांत प्रत्येकी एक पिक्सेल, म्हणजे 30 मीटर धरले, तर एकत्रित चूक सुमारे 42 मीटर येते. तीस वर्षांवर ती वर्षाला 1.4 मीटर पडते, चालून जाईल. लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना करणार असाल तर 42 मीटरच्या आतल्या बदलावर काहीच बोलू नका.

दरडकाठ
ढासळण्याबद्दल. तिथल्या काठात खाली बारीक वाळू आणि वर चिकट गाळाचा थर असतो. पुरात काठ आतून पाणी पितो, पण बाहेरचं पाणी त्याला टेकू देत असतं. पातळी झपाट्याने उतरली की टेकू जातो, आतलं पाणी मात्र तसंच राहतं. जड झालेला काठ सरकतो. शिवाय ते आतलं पाणी बाहेर पडताना तळाची वाळू घेऊन येतं आणि वरचा थर अधांतरी राहून तुकड्यातुकड्याने कोसळतो. त्यात मधल्या वाळूपट्ट्याने मुख्य धार तिरकी काठाकडे वळवली असेल तर पडलेली माती लगेच वाहून जाते आणि दरड पुन्हा उघडी पडते.

‘जमीन परत आली’ हे मात्र कृपया लिहू नका. गेली ती जुनी, वस्तीची जमीन. आला तो नवा वाळूचा चापोरी (नदीपात्रातला वाळूपट्टा). धूप आणि भर हे दोन वेगळे रकाने ठेवा. निव्वळ फरक दाखवला की मोठी धूपही झाकली जाते.

15 ऑगस्ट 1950 चा भूकंप (8.6 तीव्रता) विसरू नका. तेव्हा डोंगर कोसळून आलेल्या गाळाने दिब्रुगडजवळ नदीचा तळ उचलला गेला आणि तो गाळ पुढची कित्येक दशकं खाली सरकत राहिला. त्यामुळे 1990 ही ‘मूळ स्थिती’ नव्हे.

नकाशावाली
दोघांचे आभार. काही छेदांवर पॉर्क्युपाइन (धूप रोखायचे काँक्रीटचे सांगाडे) बसवलेले आहेत. ते छेद वगळू का?

गाळमाप
वगळू नका, वेगळी खूण करा. सहा काँक्रीटच्या दांड्या बोल्टने जोडलेले ते सांगाडे रांगेत ठेवून तारदोराने बांधतात. ते पाणी अडवत नाहीत, वेग कमी करून गाळ बसवतात. म्हणून ते गढूळ आणि फार खोल नसलेल्या पाण्यात चालतात. धार काठालगत खोल गेली की तळ खरवडला जाऊन रांगच्या रांग बुडते. तसंच रांगेच्या वरच्या टोकाला पाणी मागून शिरत असेल तर तिथली धूप उलट वाढते. तेव्हा कामाच्या वर आणि खाली दोन-दोन किलोमीटरमध्ये छेद 100 मीटरवर घ्या, आणि समोरच्या काठालाही तेच करा.