भरुचचा गोल्डन ब्रिज

कुणीतरी लिहिलंय की कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर (पुण्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला ती) जुने लोखंडी पूल सरळ पाडून टाका, मला हे अजिबात पटत नाही. गुजरातमधल्या भरुचचा नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज बघा ना, १८८१ चा, मुळात रेल्वेसाठी बांधलेला, १९३५ ला शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला आणि गाड्या तिकडे गेल्या, मग यावरून रस्त्याची वाहतूक सुरू झाली ती थेट २०२१ ला नवीन नर्मदा मैया पूल होईपर्यंत. खरी भीती आता आहे, कारण वापर थांबला की रंगरंगोटी थांबते, रिवेटच्या (लोखंडी पट्ट्या जोडणाऱ्या जाड खिळ्यांच्या) डोक्याभोवती पाणी मुरतं, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि आतून गंज पोखरत जातो. निदान पायी चालायला नीट जपून ठेवा यार!